पंधरा दिवसांपूर्वी आई काय काय करत होत्या?

आम्हा कंपूकरांना दवाखान्याची वाट विचारावी लागत नाही. जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली सुरू झालेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर. बाहेरगावचे नातेवाईक उपचारासाठी ग्वाल्हेरला आले की उतरतात आमच्याकडेच. डबा पोचवणं, रात्री उशाशी बसणं घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. तरी सासूबाईंच्या वेळी आम्ही चुकलोच.

वय ८१, न्यूमोनिया झालेला. दवाखान्यात गेल्या त्या रिक्षात स्वतः चढून. आठ दिवसांनी ताप गेला, छाती मोकळी झाली, रिपोर्ट उत्तम आले. आणि घरी आणलं तेव्हा दोघांनी धरून उतरवावं लागलं. आठही दिवस आम्ही एकच घोकत होतो, "आई, पडून राहा, उठू नका." त्या बिचाऱ्या ऐकत राहिल्या.

उतारवयात शरीराची गंगाजळी आटत जाते आणि साधं आजारपणही झेपेनासं होतं, त्या अवस्थेला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. म्हातारपण आणि फ्रेल्टी एक नव्हे. नव्वदीतले काही ताठ असतात, पासष्टीतले काही खचलेले. अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्राइड यांनी २००१ मध्ये पाच खुणा मांडल्या: आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त असल्या तर फ्रेल्टी; एक-दोन असल्या तर तिची चाहूल. चार मीटर चालायला पाच सेकंदांहून जास्त लागले, तर ती चाल मंद समजतात.

खाटेवर पडून राहण्याची किंमत मात्र मला माहीतच नव्हती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. त्यांच्या पायांचे स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. हे निरोगी लोकांचं! तापात अर्धपोटी पडलेल्या माणसाचं काय होत असेल?

कॅनडातले डॉ. रॉकवुड यांची एक मोजपट्टी आहे, ठणठणीत असलेल्यापासून शेवटच्या अवस्थेपर्यंत नऊ पायऱ्यांची. तिच्यात आजची अवस्था मोजत नाहीत. आजार सुरू होण्याआधी, साधारण दोन आठवड्यांपूर्वी, माणूस काय काय करू शकत होता ते विचारतात. आणि हे सांगणार कोण? घरचेच. आंघोळ स्वतः करत होत्या का, जिना चढत होत्या का, पैशांचा हिशेब ठेवत होत्या का, वर्षभरात पडल्या होत्या का. आम्ही सांगितलंच नाही, म्हणून खाटेवरच्या थकलेल्या बाईच पहिल्यापासून अशा, असं डॉक्टरांना वाटलं असावं.

उपचारासाठी एखादी जादूची गोळी नाही. उलट चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एकदा डॉक्टरांसमोर ठेवायच्या. झोपेच्या गोळीने तोल जातो, रक्तदाबाच्या जादा गोळीने उठताना चक्कर येते. डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण खाटेवर न देता खुर्चीत बसवून द्यायचं, दिवसातून दोन-तीनदा हात धरून चालवायचं, लघवीची नळी गरज संपताच काढायला सांगायचं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी विसरायचं नाही. न दिसणारा, न ऐकणारा म्हातारा माणूस परक्या जागी रात्री पटकन भ्रमतो. नुसत्या मऊ भातावर स्नायू भरत नाहीत, डाळ, दही, पनीर, अंडं हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारायचं.

ही दृष्टी नवी नाही. १९३५ पासून लंडनजवळच्या एका रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांनी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना एकेक करून तपासलं, चालायला लावलं आणि कित्येकांना घरी धाडलं. अशा सर्वांगीण तपासणीने वृद्ध रुग्ण पुढे स्वतःच्या घरी राहण्याची शक्यता वाढते, हे नंतरच्या चाचण्यांतूनही दिसलं आहे.

सासूबाईंना पुन्हा उभं करायला तीन महिने लागले. फिजिओथेरपीवाल्या मुलीने खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवलं. आधी दोनदा, मग पाचदा, मग दहादा. आता मी "आई, बसा हो जरा" म्हणाले की त्या मुद्दाम उठतात आणि तुळशीला पाणी घालून येतात.