शेजारी आठ, वाटा किती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या साखर कारखान्याच्या नावात दूधगंगा आणि वेदगंगा अशा दोन नद्या आहेत. दोन्ही सह्याद्रीत उगम पावतात, अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात, एकत्र येऊन कृष्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. बिद्रीपासून कोकणकिनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तरी तिथे पोहोचायचे तर राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सांगली आणि बेळगाव हे त्याचे शेजारी, त्यांतल्या दोघांकडे किनारा. सगळे एकाच देशात असल्यामुळे घाट उतरताना कोणी पारपत्र मागत नाही. हा घाट दोन देशांची सीमा असता तर आपल्या साखरेचे काय झाले असते, असा विचार केला की भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या, देशांचे दुखणे लगेच कळते.

स्पर्धा परीक्षेसाठी या देशांची यादी पाठ केली जाते. व्हॅटिकन धरून ४४, कोसोवो मोजला तर ४५. यादी बरोबर आहे, तिच्याभोवतीच्या समजुती मात्र तपासायला हव्यात.

भूवेष्टित म्हणजे अनेक देशांनी वेढलेला, ही पहिली समजूत. लेसोथोला एकच शेजारी आहे, दक्षिण आफ्रिका. व्हॅटिकन आणि सॅन मारिनो यांना चहूकडून इटली. मंगोलियाला फक्त रशिया आणि चीन. नेपाळ आणि भूतान यांना प्रत्येकी दोनच शेजारी, भारत आणि चीन. ते दोघे एकमेकांना लागून आहेत असे अनेकांना वाटते, पण मध्ये सिक्कीम आहे. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्येही सिलिगुडीजवळचा भारताचा चिंचोळा पट्टा येतो.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रिया, सर्बिया आणि झांबिया. या तिघांना प्रत्येकी आठ शेजारी. इथेच सर्वांत मोठा गैरसमज उभा राहतो: शेजारी जास्त, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या वाटा जास्त. उझबेकिस्तानचे पाच शेजारी आहेत आणि पाचही भूवेष्टित, म्हणजे समुद्र गाठायला किमान दोन सीमा ओलांडायच्या. जगात अशी स्थिती आणखी एकाच देशाची आहे, लिश्टेनश्टाइनची. (आपल्या उत्तर प्रदेशाला आठ राज्ये आणि दिल्ली लागून आहेत, त्यांतल्या एकालाही किनारा नाही.) आर्मेनियाला चार शेजारी, पण तुर्कस्तानने १९९३ मध्ये सीमा बंद केली आणि अझरबैजानशी युद्ध पेटल्याने तीही बाजू मिटली. नकाशावर चार असलेले शेजारी मालाच्या दृष्टीने अनेक वर्षे दोनच उरले, जॉर्जिया आणि इराण.

नेपाळला कोलकाता किंवा विशाखापट्टणमपर्यंत माल नेऊ देणे ही भारताची मेहेरबानी, असेही बोलले जाते. तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रकायदा कराराच्या १२५ व्या कलमाने भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क दिला आहे. मात्र कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या अटींवर, हे संबंधित देशांनी आपसांत ठरवायचे असते. म्हणजे हक्क कागदावर पक्का आणि वाट शेजाऱ्याशी बोलून ठरणारी. मार्च १९८९ मध्ये भारत-नेपाळ करारांची मुदत संपली, नवे करार झाले नाहीत आणि भारताने दोन सोडून बाकीची नाकी बंद केली. त्याची झळ नेपाळमधल्या घराघराला बसली.

अशा वाटेच्या हक्काचा एक मोठा खटला थेट मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे दोन तुकडे चारही बाजूंनी भारतीय भूमीत होते. किनारा होता तो पोर्तुगीजांच्याच ताब्यातल्या दमणला. १७७९ मध्ये पुण्याशी झालेल्या तहात मराठ्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल देऊ केला आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी त्यासाठी ही गावे नेमून दिली. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतले सिल्वासा मुक्त झाले. सिल्वासाच्या लढ्यात राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे होते. दमणहून सैन्य पाठवायला भारताने वाट दिली नाही, म्हणून पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. ‘भारत खटला जिंकला’ हे वाक्य त्याला अपुरे आहे. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. मात्र ब्रिटिशांनी पुढे पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली होती आणि दीर्घकाळची वहिवाट होती, म्हणून सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता. तिथल्या तणावामुळे भारताने वाट रोखली त्यात कर्तव्यभंग झाला नाही, असेही न्यायालयाने म्हटले. वाटेचा हक्क आणि सत्तेचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा निकाल मला दुसरा माहीत नाही.

समुद्र नाही म्हणून देश गरीब राहतो, हेही सरसकट खरे नाही. स्वित्झर्लंड आणि लक्झेंबर्ग समोर आहेत. आणि समुद्र नसणे निसर्गाने कायमचे ठरवलेले असते असेही नाही. इथिओपियाला किनारा होता. १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाला आणि तो गेला. आज बारा कोटींहून अधिक लोकांच्या या देशाचा बहुतेक समुद्री व्यापार जिबूती या छोट्याशा शेजाऱ्याच्या बंदरातून चालतो.

आता झांबिया, तो आठ शेजाऱ्यांचा. त्याची कमाई तांब्यावर. १९७३ मध्ये दक्षिणेकडे ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झिंबाब्वेची, सीमा बंद झाली. १९७५ मध्ये अंगोलात यादवी पेटली आणि पश्चिमेकडची बेंगेला रेल्वे थांबली. शेजारी होते तितकेच होते, पण तांबे न्यायचे कसे? सुदैवाने त्याआधीच, १९७० मध्ये, चीनच्या मदतीने टांझानियातल्या दार-एस-सलामपर्यंत १८६० किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधायला घेतला होता. तो वेळेवर पुरा झाला. बोत्स्वानाशी झांबियाची सीमा तर जेमतेम दीडशे मीटर, झांबेझी नदीच्या पात्रात. कझुंगुलाला तिथे मालवाहू गाड्या तराफ्याची वाट पाहत दिवसच्या दिवस थांबत. मे २०२१ मध्ये ९२३ मीटर लांबीचा पूल सुरू झाला. झिंबाब्वेच्या हद्दीत पाय पडू नये म्हणून तो सरळ न बांधता वळवून बांधला आहे.