वजन उतरविणारी डबी

पोलादपूर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्ग कशेडीच्या डोंगराला भिडतो. डोंगराच्या पोटातून आता बोगदा झाला असला, तरी घाटाचा दरारा अजून ओसरलेला नाही. जुन्या रस्त्याच्या वळणावर गाडी हाकणाऱ्याची नजर निवळ आणि हात स्थिर असावे लागतात. त्या दोहोंवर हुकमत चालते ती मेंदूची. मेद झडविण्यासाठी घेतलेल्या चूर्णाने ज्याची झोप उडाली आहे आणि बोटांना कंप सुटला आहे, असा माणूस त्या वळणावर एकट्याचाच जीव धोक्यात घालतो काय?

हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाही. वजन उतरविण्याच्या गोळ्या आणि भुकट्या ही आता शहराचीच मिरासदारी उरलेली नाही. त्या टपालाने घरपोच येतात, आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतूनही येऊ शकतात. डबीवर ‘नैसर्गिक’ आणि ‘अपायरहित’ ही दोन विशेषणे छापलेली असली, की पुढे कोणी चौकशी करीत नाही.

चौकशी करावी असे पुष्कळ आहे. भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. पण तिची सूत्रे मेंदूत असतात. म्हणून भूक मारणारी बहुतेक द्रव्ये मेंदूवरच चाल करतात. सिब्युट्रामीन हे त्यांतलेच एक. त्याने नाडी व रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका बळावतो. २०१० साली युरोप व अमेरिकेच्या बाजारातून ते उठले आणि २०११ च्या फेब्रुवारीत भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली. तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत तेच द्रव्य लपविलेले असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. इफेड्रा ही तर खरोखरीची वनस्पती. पण तिच्या सेवनाने झटके व पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदली गेल्यावर त्याच प्रशासनाने २००४ साली आहारपूरकांतून तिला हद्दपार केले.

आणखी एक उदाहरण आपल्या अंगणातले आहे. तेहोकोते या मेक्सिकन झाडाचे मूळ म्हणून वजन घटविण्यासाठी विकले जाणारे तुकडे २०२३ साली अमेरिकेत तपासले गेले. त्यांतले बहुतेक निघाले पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे आपल्या बिट्टीचे! बिट्टीचे विष हृदयाची लय बिघडविते, मज्जासंस्थेलाही पोचते आणि प्राणही घेते, हे कोकणातल्या म्हातारीला सांगावे लागत नाही. तेच विष गोंडस वेष्टनात आले, की शिकलेला मनुष्य त्याचे दाम मोजतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाची किंमत यावरून कळावी.

स्थूलता ही चेष्टेची बाब आहे, असे आम्ही मुळीच मानीत नाही. मधुमेह आणि रक्तदाब तिच्या पाठोपाठ येतात, आणि तिच्यावर वैद्यकशास्त्रात उपचारही आहेत. परंतु डॉक्टरांनी प्रकृती पाहून, मात्रा ठरवून दिलेले औषध वेगळे. आणि ज्यात काय आहे हे विकणाराही जाणत नाही अशी पूड वेगळी.

कायदा दुबळा आहे असेही नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा स्थूलता बरी करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना मनाई करतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने महाड व पोलादपूरच्या बाजारांतून अशा डब्यांचे नमुने घ्यावेत आणि तपासणीचे निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. डॉक्टरांनीही रुग्णाला ‘कोणती पूड घेता काय?’ हा प्रश्न न चुकता विचारावा.

वाचकांना आमचे सांगणे थोडके आहे. अशी पूड घेणाऱ्याचे डोके एकाएकी असह्य दुखू लागले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एक हात लुळा पडला किंवा झटका आला, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. डबी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. डोंगरातल्या वाडीवरून रुग्णालय दूर असते, आणि पक्षाघातात मिनिटामिनिटाला मेंदू झिजतो. उतरलेले वजन पुन्हा वाढू शकेल. एकदा मेलेला मेंदूचा भाग मात्र कोणत्याही डबीतून परत मिळत नाही.