पेरिप्लसमधील "बायझान्टियन" आणि विजयदुर्ग

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील देवगड तालुक्यांत, वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं, विजयदुर्ग उभा आहे. प्राचीन ग्रीक ग्रंथांतील "बायझान्टियन" बंदर तें हेंच, असा तर्क कांहीं अभ्यासकांनीं केला आहे. बॉस्पोरसच्या कांठीं याच नांवाची एक ग्रीक नगरी होती व ती पुढें ख्रिस्ती धर्माचें मोठें पीठ झाली, हें ध्यानांत आलें म्हणजे कोंकणांत ग्रीकांची किंवा ख्रिस्त्यांची प्राचीन वसाहत कल्पिण्याचा मोह होतो. या तर्कांत पुरावा किती व नांवाचा भास किती, हें निवडून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ उल्लेख पाहूं. "एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस" हा ग्रंथ इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिला. त्यांत कल्याणनंतरचीं बंदरें उत्तरेकडून दक्षिणेकडे अशीं दिलीं आहेत : सेमुल्ला, मंदगोर, पालैपात्मै, मेलिझैगर, बायझान्टियन. यापुढील दोन नांवें संपादकांनीं निरनिराळ्या रीतीनें वाचलीं आहेत. पुढें कांहीं बेटें सांगून तेथें चांचे असतात, असा इशारा दिला आहे. सेमुल्ला म्हणजे चौल, याविषयीं फारसा वाद नाहीं. दुसऱ्या शतकांत टॉलेमीनेंही "चांच्यांचा मुलूख" या सदराखालीं हें नांव घातलें आहे. परंतु पेरिप्लसकारानें या बंदरांमधील अंतरें दिलेलीं नाहींत, आणि टॉलेमीच्या नकाशांत आपला पश्चिम किनारा पूर्वेकडे इतका वळलेला आहे कीं त्याच्या अंशांवरून स्थळनिश्चय होत नाहीं. सबब चौलच्या दक्षिणेस या नांवाचें बंदर होतें, एवढेंच निश्चित म्हणतां येतें.

आतां नांवाचा विचार. "विजय" व "बायझ" यांचें उच्चारसाम्य प्रथमदर्शनीं पटतें. पण विजयदुर्ग हें नांव सतराव्या शतकांतलें आहे. आदिलशाहीकडून किल्ला घेतल्यावर शिवाजी महाराजांनीं तें ठेविलें. तें विजय संवत्सरावरून, म्हणजे शके १५७५ वरून पडलें, अशी परंपरा आहे. त्यापूर्वींचें नांव घेरिया; जवळच गिर्ये गांव आहे. १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्र्यांपासून किल्ला घेतला, तेव्हांही इंग्रजी कागदांत तो घेरियाच आहे. सोळाशें वर्षांनंतर ठेविलेल्या नांवावरून पहिल्या शतकांतील बंदर ओळखणें हें उघडच चुकीचें होय.

"वैजयंती" या प्राचीन नांवाचा आधार याहून बरा आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल येतो. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखांतही वैजयंतीचा उल्लेख आहे. परंतु ही वैजयंती म्हणजे वरदेच्या तीरावरील वनवासी असें सामान्यतः मानितात, व तें घाटावरील नगर आहे, बंदर नव्हे.

वाघोटणच्या खाडीवर वर आंत खारेपाटण आहे. तेथें सांपडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा असून त्यांत त्याचा पूर्वज धम्मियर यानें बलिपत्तन वसविल्याचें सांगितलें आहे. हें बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण व तेंच पेरिप्लसमधील पालैपात्मै, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. हें मत स्वीकारल्यास त्याच खाडीच्या मुखाशीं बायझान्टियन ठेवितां येत नाहीं. कारण ग्रंथकाराच्या क्रमानें या दोहोंमध्यें मेलिझैगर हें आणखी एक बंदर आलें पाहिजे. दोन्ही तर्क एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत.

मग हें ग्रीक नांव येथें आलें कसें ? परकी खलाशी अनोळखी नांवांत आपल्या देशाचें नांव ऐकतो. इंग्रजांनीं आपल्या सुवर्णदुर्गाचें "सेव्हर्नड्रूग" केलें, व सेव्हर्न ही त्यांच्या देशांतील नदी आहे. तो किल्ला १७५५ मध्यें घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ लंडनजवळ १७८४ मध्यें बांधलेला मनोरा आजही त्याच नांवानें उभा आहे. म्हणून कोणी सुवर्णदुर्ग सेव्हर्नच्या कांठच्या लोकांनीं वसविला असें म्हणत नाहीं ! शिवाय पेरिप्लसची मुख्य प्रत एकच असून ती नवव्या-दहाव्या शतकांतली आहे व हायडेलबर्ग येथें आहे. मूळ ग्रंथानंतर आठ-नऊ शतकांनीं ग्रीक लेखनिकानें ती नकलून घेतली, हें हस्तलिखितें हाताळणाऱ्यांनीं विसरूं नये. तथापि टॉलेमीही तेंच नांव देतो, यावरून दोष केवळ नकलकाराचा नसून मूळ ऐकणाऱ्याच्या कानाचा असावा, असें वाटतें.

राहिला धर्माचा प्रश्न. मेगारा येथील ग्रीकांनीं ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांत वसविलेलें बायझान्टियम इ. स. ३३० मध्यें कॉन्स्टंटाईन बादशहाची राजधानी झालें व कॉन्स्टँटिनोपल म्हणून प्रसिद्धीस आलें. ३८१ च्या धर्मपरिषदेनें तेथील धर्मगुरूस रोमच्या खालोखाल मान दिला. पेरिप्लस त्याच्या पावणेतीनशें वर्षें आधींचा आहे. सबब त्यांतील बायझान्टियनवरून कोंकणांतील ख्रिस्ती धर्माविषयीं कांहींच अनुमान निघत नाहीं. त्या धर्माचा आपल्या किनाऱ्यावरील जुना लेखी पुरावा सहाव्या शतकांतील कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याचा आहे. "कल्लियान" येथें ख्रिस्ती असून त्यांचा बिशप इराणांतून नेमिला जातो, असें तो लिहितो. हें स्थळ कल्याण होय, असें बहुतेक अभ्यासक मानितात. इराणचें चर्च ४२४ मध्येंच स्वतंत्र झालें होतें. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरु नेस्टोरियस यास ४३१ मध्यें एफेससच्या परिषदेनें पदच्युत केलें, तो निर्णयही त्या चर्चनें मानिला नाहीं. म्हणजे कोंकणच्या ख्रिस्त्यांचा धागा त्या ग्रीक नगरीकडे न जातां तिच्याशीं फटकून असलेल्या इराणकडे जातो. कॉस्मसनें दिलेल्या बंदरांच्या यादींत कोंकणांतील बायझान्टियनचें नांवही नाहीं.

तात्पर्य, विजयदुर्गाची थोरवी त्याच्या तटांत व आरमाराच्या इतिहासांत आहे; तीस उसन्या ग्रीक नांवाची गरज नाहीं. देवगड व मालवणकडील घराण्यांच्या दप्तरांत जुन्या सनदा, महजर व निवाडपत्रें ज्यांच्या दृष्टीस पडतील, त्यांनीं शिवपूर्वकालीन गांवांचीं, खाड्यांचीं व बंदरांचीं नांवें जशीच्या तशीं टिपून ठेवावीं. बायझान्टियनचा निर्णय झालाच तर तो अशा नांवांनीं व उत्खननांतील अवशेषांनींच होईल. केवळ उच्चारसाम्यानें तो होणार नाहीं.