पांडवकडा : दुरून पाहावा असा

खारघरच्या डोंगरावरून पावसाळ्यात कोसळणारा पांडवकडा सुमारे १०७ मीटर उंच आहे. वनवासात पांडवांनी येथे स्नान केले, अशी लोकश्रुती. हा डोंगर काळ्या बेसाल्टचा. त्याच्या उभ्या उतारांवर पाणी फारसे मुरत नाही. त्यामुळे माथ्यावर जोराची सर आली की पायथ्याशी ऊन असतानाही ओढा अल्पावधीत फुगतो आणि परतीची वाट बंद होते. ऑगस्ट २०१९ मध्ये चार विद्यार्थिनी या परिसरातील प्रवाहात वाहून गेल्या. अशा दुर्घटनांमुळेच तेथे पावसाळ्यात प्रवेशबंदी केली जाते. सहली नेणाऱ्या शिक्षकांनी ती कागदोपत्री समजू नये. धबधब्याची शुभ्र धार रस्त्यावरूनही दिसते. किंबहुना तिचे पूर्ण रूप तेथूनच दृष्टीत मावते.