डोक्यातली गाठ काढली, पण परत येईल का? गाठीतली प्रथिने काय सांगतात, जाणून घ्या

नाशिक : चपलेचा नंबर वाढत चाललाय, बोटातली अंगठी निघेना, चेहरा जाडसर दिसू लागलाय. बाळंतपण नसताना छातीतून दूध येतंय, पाळी बंद झालीय. रस्त्यानं चालताना बाजूची गाडी दिसत नाही. अशा तक्रारींमागे कधी कधी पिट्युटरी ग्रंथीची गाठ असते.

ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला असते. आकार वाटाण्याएवढा, पण शरीरातल्या अनेक हार्मोन्सवर ताबा तिचाच. तिथल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण काही गाठी ऑपरेशननंतर वर्षानुवर्षे गप्प राहतात, तर काही पुन्हा वाढतात.

आधी रक्त तपासणी
प्रोलॅक्टिन हे हार्मोन म्हणजे प्रथिनच. ते रक्तात खूप वाढलेलं असेल तर गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असू शकते. अशी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते, ऑपरेशन लागत नाही. हातपाय वाढत असतील तर डॉक्टर आयजीएफ-१ तपासतात.

मग गाठीचा तुकडा
अनेक गाठी नाकावाटे ऑपरेशन करून काढतात. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून त्यातली प्रथिने तपासली जातात.

• केआय-६७ : किती पेशी वाढीच्या तयारीत आहेत ते कळतं. प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात.
• पिट-१, टी-पिट, एसएफ-१ : गाठ कोणत्या जातीच्या पेशींची आहे ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणाचा हा पाया आहे. टी-पिटवाली गाठ हार्मोन सोडत नसली, तरी पुढे त्रास देण्याची शक्यता जास्त असते.
• एसएसटीआर-२ : हातपाय वाढण्याच्या आजारात ऑक्ट्रिओटाइडसारखं इंजेक्शन लागू पडेल का, याचा अंदाज येतो.

मात्र एकट्या प्रथिनावरून भविष्य सांगता येत नाही. गाठ किती मोठी आहे, बाजूला किती पसरली आहे आणि ऑपरेशनमध्ये किती शिल्लक राहिली, हेही पाहावं लागतं. मेंदूतल्या गाठींच्या प्रथिनांवर पवईच्या आयआयटीतही संशोधन सुरू आहे.

हे लक्षात ठेवा
ऑपरेशननंतर बरं वाटलं की मुंबईच्या फेऱ्या बंद होतात. सुरगाणा, पेठहून जाणं सोपं नाही, गाडीभाडं आणि मजुरी दोन्ही जातं. पण गाठ परत वाढली तर नजर जाऊ शकते. म्हणून बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. "केआय-६७ किती आहे? गाठ कोणत्या जातीची? पुढचा एमआरआय कधी?" एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. उपचार सरकारी योजनेत बसतात का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

अचानक डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या किंवा दिसणं कमी झालं, तर तारखेची वाट पाहू नका. लगेच मोठं रुग्णालय गाठा.