नवें एंजिन आणि जुना संगणक

मोटारीचें एंजिन बदलणें म्हणजे एक उतरवून दुसरें बसविणें, अशी सामान्य समजूत आहे. आणि एके काळीं ती खरीही होती. पेट्रोल कार्बोरेटरांतून जाई, ठिणगी डिस्ट्रिब्यूटर वांटून देई, आणि हीं दोन्ही कामें एंजिनाच्या अंगचींच असत. आतां तीं गाडींतील संगणकाकडे गेलीं आहेत. कोणत्या सिलिंडरांत केव्हां व किती पेट्रोल सोडावयाचें, ठिणगी कोणत्या क्षणीं पाडावयाची, हें तो ठरवितो. म्हणून जुन्या गाडींत नवें एंजिन घालणारास बोल्ट आवळून स्वस्थ बसतां येत नाहीं. जुन्या संगणकास नव्या एंजिनाची भाषा कळेल अशी सोय करावी लागते. ती कशी करतात, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंतील शेव्हरोले कॅमेरो गाडीच्या झेड-२८ या प्रकारांत १९९८ पासून २००२ पर्यंत एलएस-१ नांवाचें आठ सिलिंडरांचें, ५.७ लिटरचें एंजिन असे. १९९८ सालीं तें ३०५ अश्वशक्तीचें होतें. त्याच घराण्यांतलें एलएस-३ हें ६.२ लिटरचें एंजिन २००८ सालच्या कॉर्व्हेट गाडींत ४३० अश्वशक्ति घेऊन आलें. दोहोंची बाह्य ठेवण बरीचशी सारखी, आणि सिलिंडर पेटण्याचा क्रमही एकच: १-८-७-२-६-५-४-३. तेव्हां हौशी लोकांस मोह पडला तर नवल नाहीं. संगणक मात्र जुनाच ठेवण्याकडे पुष्कळांचा कल असतो. कारण स्वयंचलित गिअरपेटी, चालकासमोरच्या तबकड्या आणि चोरीपासून राखण करणारी यंत्रणा यांचा व्यवहार त्याच्याशींच जडलेला असतो. तो काढला, कीं घरांतील सारीं नातीं नव्यानें जुळवावीं लागतात.

पहिली अडचण मोजणीची. क्रँकशाफ्टच्या मागील अंगास एक दांतेरी चक्र घट्ट बसविलेलें असून त्याच्याजवळ एक सेन्सर असतो. चक्र फिरूं लागलें, कीं सेन्सरांतून विजेचे ठोके निघतात, आणि त्यांवरून शाफ्ट कोणत्या कोनांत आहे हें संगणक ताडतो. एलएस-१ च्या चक्रावरून दर १५ अंशांस एक, असे फेऱ्यास २४ ठोके मिळतात. त्यांतले कांहीं अरुंद व कांहीं रुंद, ठराविक क्रमानें योजलेले आहेत. ज्यांनीं वृत्तांचा अभ्यास केला आहे त्यांस ही युक्ति तत्काळ उमजेल: लघु-गुरूंचा क्रम कानीं पडला, कीं चरणांत आपण कोठें आहों हें जाणत्यास कळतें. एलएस-३ ची रीत निराळी. तेथें दर ६ अंशांस एक, अशा ६० सारख्या दांत्यांची मांडणी करून त्यांतले लागोपाठचे २ गाळले आहेत, राहिले ५८. तेथें लघु-गुरु भेद नाहीं; ती मोकळी जागा हाच यति, आणि तेथून मोजणी सुरू. लघु-गुरूंची वाट पाहणाऱ्या जुन्या संगणकास हें पठण केवळ गोंगाट वाटतें. स्टार्टर एंजिन फिरवितो, पण एंजिन पेटत नाहीं.

दुसरी खूण कॅमशाफ्टची. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां याचा एक होतो. म्हणून पिस्टन वर आला तो पेटविण्यासाठीं कीं धूर टाकण्यासाठीं, हें त्यावरून ओळखतात. जुन्यांत फेऱ्यास एक खूण, नव्यांत चार. शिवाय जुना सेन्सर एंजिनावर मागच्या बाजूस, तर नवा पुढच्या झांकणावर. म्हणजे तारही लांबवावी लागते.

यावर उपाय दोन. एक, एंजिन सबंध उकलून क्रँकशाफ्टवरील ५८ चें चक्र काढावें, व तेथें २४ चें चक्र दाबून बसवावें. तें किंचित् जरी तिरकें बसलें, तरी प्रत्येक ठिणगीची वेळ चुकते. दुसरा उपाय दुभाष्याचा. नवे ठोके ऐकून त्यांचे जुने ठोके करून देणारी एक लहान विजेची पेटी मिळते. मिनिटास ६,००० फेरे, म्हणजे सेकंदास १०० फेरे होत असतां, तिला सेकंदास २,४०० ठोके बिनचूक रचावे लागतात. उकलाउकल टळत असल्यामुळें ही वाट अनेकांस सोयीची वाटते.

भाषा जुळली तरी हिशेब राहतोच. जुन्या कॅमेरोंत ॲक्सिलरेटरची तार ओढून हवेची झडप उघडते; एलएस-३ मध्यें तें काम विजेची मोटर करते. म्हणून तारेची झडप बसवावी लागते. नव्या एंजिनाचे इंजेक्टर तेवढ्याच वेळांत अधिक पेट्रोल सोडतात. तें व सिलिंडरांत जाणाऱ्या हवेचें मान संगणकाच्या कोष्टकांत नव्यानें भरलें पाहिजे. तें न केल्यास गाडी काळा धूर ओकते.

सर्वांत मोठा धोका मात्र जेथें कांहींच बिघडल्यासारखें दिसत नाहीं, तेथें असतो. मिश्रण अवेळीं पेटून एंजिनांत जी टकटक होते, ती ऐकणारे सेन्सर एलएस-१ मध्यें वरच्या खोबणींत, तर एलएस-३ मध्यें ब्लॉकच्या दोन्ही कुशींस असतात. त्यांची जातही भिन्न आहे: जुने एका ठराविक स्वरास दाद देतात, नवे अनेक स्वर ऐकतात. ही जुळणी किचकट म्हणून कांहीं कारागीर संगणकाचें हें ऐकणेंच बंद करून टाकतात. गाडी चालते, दिवाही लागत नाहीं. पुढें एखाद्या घाटांत, उन्हाच्या वेळीं, हलकें पेट्रोल भरलेलें असतां टकटक सुरू होते. ठिणगी मागें घेणारा कोणी नसतो, आणि पिस्टनच्या कडा फुटतात.

म्हणून असें काम करवून घेणारानें पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत, असें आमचें मत आहे. ठोक्यांचें भाषांतर कोण करतो? कोष्टकें नव्यानें लिहिलीं काय? आणि टकटक ऐकणारे कान जागे आहेत काय? पहिल्या प्रश्नाची दाद न घेतल्यास गाडी जागची हलत नाहीं, इतकेंच. तिसऱ्याची न घेतल्यास ती हलते, आणि वाटेंत दगा देते.