मुक्काम भिमिलीला

भिलाई-दुर्गच्या मराठी घरांत समुद्राचा विषय निघाला की पुरी नाहीतर विशाखापट्टणम, ही दोनच नावे पुढे येतात. त्यातही विशाखापट्टणमचा बेत ठरलेला असतो : रामकृष्ण बीच, पाणबुडी, कैलासगिरी आणि एक दिवस अरकू. सप्टेंबर 2024 मध्ये दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत सुरू झाली आणि 565 किलोमीटरचे अंतर आठेक तासांवर आले. सकाळी निघालेला माणूस दुपारी समुद्रापाशी पोचत असेल, तर मुक्कामाचा विचार नव्याने करायला हवा. तो शहरात न करता 25-30 किलोमीटर उत्तरेला, गोस्थनी नदीच्या मुखाशी वसलेल्या भीमुनिपट्टणमला, लोकांच्या तोंडी असलेल्या भिमिलीला करावा आणि शहर तिथून जाऊन पाहावे, असे माझे मत आहे.

भिमिली शांत आहे, पण पहिल्यापासून नव्हती. सतराव्या शतकात डच कंपनीने इथे वखार घातली, ती मुख्यतः कापडासाठी. 1824च्या इंग्रज-डच करारानंतर, 1825मध्ये गाव इंग्रजांकडे गेले, तरी बंदर चालूच राहिले. 1861मध्ये नगरपालिकाही झाली. इथून जाणाऱ्या अंबाडीच्या वाखाला जगाच्या बाजारात ‘बिमलीपटम ज्यूट’ म्हणत. विदर्भातल्या घरांत जिची भाजी होते, तीच ही अंबाडी. मग रेल्वे आली आणि हे गाव बाजूला राहिले. 1931मध्ये रायपूर–विजयनगरम मार्ग पुरा झाला, 1933मध्ये विशाखापट्टणमचे नवे बंदर उघडले आणि मध्य प्रांताचे मँगनीज थेट तिकडे जाऊ लागले. भिलाईकर आज ज्या रुळांवरून समुद्राकडे जातो, त्यांनीच भिमिलीचा व्यापार ओढून नेला. उरले ते दीपगृह, जुन्या इमारती आणि डचांचे कबरस्तान. तिथल्या काही कबरींवर पुरुषभर उंचीपेक्षा मोठे विटांचे निमुळते मनोरे उभे आहेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गिलावा सुटून आतली वीट उघडी पडते, हे जवळ गेल्यावरच दिसते. अर्ध्या तासाच्या थांब्यात एवढे पाहणे होत नाही. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गावातच असावे लागते.

मराठी माणसाला इथे येण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अभिमानाचे नाही. 1741मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूर घेतले आणि छत्तीसगड भोसल्यांच्या ताब्यात येऊ लागले. पुढे 1754मध्ये शेजारच्या चिकाकोलच्या फौजदाराच्या बोलावण्यावरून मराठी घोडदळ या किनाऱ्यावर उतरले आणि डचांची भिमिलीची वखार लुटली गेली. आपल्याकडे किल्ल्यांच्या सहली निघतात, त्या बहुधा जिंकलेल्या जागांच्या. जिथे आपले लोक लुटीला आले होते, तिथे निवांत राहून तो काळ समजून घेणे मला जास्त मोलाचे वाटते.

भिमिलीच्या मुक्कामावर पहिला आक्षेप येईल तो कोकणाचा. ‘समुद्रच पाहायचा तर वेंगुर्ले काय वाईट?’ मुळीच वाईट नाही. डच वखार तिथेही आहे. पण भिलाईहून वेंगुर्ले गाठायचे म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. चार दिवसांच्या रजेतला मोठा भाग गाडीतच जातो. दुसरा आक्षेप, ‘एवढ्याशा गावात दिवसभर करायचे काय?’ गावामागच्या पावुरालकोंडा टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आणि खडकात खोदलेली टाकी आहेत. शहराच्या वाटेवर थोटलकोंडा आणि बाविकोंडा लागतात. लाल वाळूच्या टेकड्याही त्याच वाटेवर. शहरातून जे एक दिवसात उरकतात, ते इथून दोन-तीन सकाळींत नीट होते. तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा : पाहुणे वाढले तर ही शांतता टिकेल कशी? भोगापुरमचा नवा विमानतळ जवळच असल्याने किनाऱ्यावरची बांधकामे आपण गेलो नाही तरी वाढणारच. गावात राहणारा, गावातल्या खाणावळीत जेवणारा आणि ते जुने कबरस्तान पाहायला येणारा पाहुणा असला, तर जुने जपण्यात गावाचाही फायदा राहतो. नुसता फोटोपुरता थांबणारा पाहुणा तो फायदा देत नाही.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगायला हव्यात. या किनाऱ्यावर पाण्याची ओढ फसवी असते. पोहता येते म्हणून मुलांना खोल सोडू नये. आणि दिवाळीच्या सुट्टीचा मोह टाळावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने. ‘हुदहुद’ 12 ऑक्टोबर 2014ला याच किनाऱ्यावर आदळले होते. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतची तिकिटे काढावीत.